खचलेला वाफा

बुओना व्हिस्टा स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर, एचडीबीच्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, रहिवाशांची एक सामाईक बाग आहे. त्या बागेतला एक वाफा गेल्या महिन्यात वीतभर खचला. कोणाला इजा झाली नाही, काही मोडले नाही, आणि एरवी या गोष्टीची दखल घेण्याचे आम्हांस काही कारण नव्हते. परंतु या वाफ्यावरून बागेत दोन तट पडले आहेत, दोन्ही तटांत आपली मराठी घरे आहेत, आणि दोन्हीकडून आमच्याकडे विचारणा झाली आहे. तेव्हा गप्प बसणे बरे नव्हे.

हकीकत थोडक्यात अशी. बागेतल्या मंडळींनी पाच महिन्यांपूर्वी एक नवी तऱ्हा करून पाहिली. हातभर खोल चर खणला, त्यात बागेतल्याच छाटणीचे ओंडके आणि फांद्या रचल्या, वर पालापाचोळा घातला आणि सर्वांवर माती ओढून उंच वाफा केला. लाकूड आत हळूहळू कुजेल, स्पंजासारखे पाणी धरून ठेवील आणि वर्षानुवर्षे वाफ्याला खत पुरवील, असा बेत. सगळ्यांनी उत्साहाने माठ आणि मेथी पेरली. रोपे वर आली आणि पिवळी पडली. मग वाफ्याच्या कडेला अळंबी उगवली, मुंग्या झाल्या, आणि शेवटी मधोमध माती खाली बसली. आता निम्मी मंडळी म्हणतात की लाकूड उपसून टाकावे आणि दुकानातून मातीच्या पिशव्या आणून भराव्यात. उरलेली म्हणतात की थांबावे.

आमचे मत थांबावे असे आहे. ते का, हे नीट सांगितले पाहिजे, कारण नुसते ‘धीर धरा’ म्हणणे हा उपदेश झाला, उत्तर नव्हे.

या पद्धतीला जर्मन भाषेत ‘ह्यूगेलकुल्टुर’ म्हणतात. ह्यूगेल म्हणजे टेकाड. हेर्मान आंद्रे नावाच्या जर्मन बागकाराने १९६२ साली तिच्यावर एक पुस्तिका काढली, आणि पुढे ऑस्ट्रियातील सेप होल्झर या शेतकऱ्याने आल्प्सच्या उतारावरील आपल्या शेतात ती वापरून जगभर प्रसिद्ध केली. तिकडे थंडी फार. कुजणाऱ्या लाकडाची ऊब आणि टेकाडाच्या उतारावर पडणारे ऊन यांचा तिथे मोठा उपयोग. आपल्या बेटावर उबेची कोणाला वाण आहे? येथे गरज वेगळी आहे. इमारती बांधताना यंत्रांनी दाबून टाकलेली चिकणमाती मोकळी व्हावी, धो धो पावसात वाफ्यात पाणी साचू नये, आणि पंधरा दिवस पाऊस फिरकला नाही तर मुळांना ओल मिळावी, एवढ्यासाठी येथे ही पद्धत घ्यायची. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात ओलीची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी २०१४ सालचा आरंभ आठवावा. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस असा दडी मारून बसला की मैदानांवरचे गवत पार करपून गेले होते.

आता पिवळ्या पानांविषयी. लाकडात कार्बन भरमसाट आणि नत्र अगदी थोडे असते. नत्राच्या एका भागाला कार्बनचे कित्येकशे भाग असे ते प्रमाण पडते. कुजवणाऱ्या सूक्ष्म जिवांना मात्र पंचवीस-तीसास एक असे प्रमाण मानवते. लाकूड खायला बसलेले हे जीव कमी पडणारे नत्र आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात आणि तेवढा काळ रोपे उपाशी राहतात. ते नत्र नाहीसे होत नाही. सूक्ष्म जिवांच्या शरीरात ते अडकलेले असते, आणि ते मेले की पुन्हा मातीला मिळते. म्हणून पहिल्या हंगामात अशा वाफ्यावर माठ, मेथी, पालक या नत्राच्या भुकेल्या पालेभाज्या लावायच्याच नसतात. चवळी लावायची, वाल लावायचा, कारण या वेली मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र स्वतःपुरते मिळवतात. चूक वाफ्याची नव्हती, पेरणीची होती.

खचण्याचेही तसेच. ओंडक्यांच्या मधल्या पोकळीत पावसाने माती उतरते, शिवाय लाकूड कुजते तसे त्याचे आकारमान घटते. वाफा खचला नसता तर उलट काळजी वाटली असती, कारण आत काहीच घडत नाही असा त्याचा अर्थ झाला असता. अळंबीही चांगलेच लक्षण. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन फोडण्याचे काम मुख्यतः बुरशीच करते आणि अळंबी हे त्याच बुरशीचे फळ. ती खाऊ मात्र नये, आणि मुलांनाही तसे बजावून ठेवावे.

ही सगळी कल्पना परदेशी वाटते खरी, पण तिचे एक सख्खे भावंड आपल्या घरचे आहे. कोकणात नारळाच्या बागेत माडाच्या भोवती चर खणून सोडणे पुरतात, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या घरांतील जुन्या माणसांना सांगायला नको. सोडण पावसाचे पाणी पिऊन ठेवते, उन्हाळ्यात माडाला देते आणि चार-सहा वर्षांत स्वतः माती होते. ओंडक्याच्या वाफ्याचे तत्त्व याहून निराळे नाही.

त्याच कोकणात याच्या उलट चालही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ऐन, किंजळ यांचे टहाळ तोडून, त्यांवर शेण, गवत, पाला पसरून, वर मातीचा थर देऊन पावसाळ्यापूर्वी पेटवतात. आपले पूर्वज हे वेडेपणाने करीत नव्हते. भाजल्याने तणाचे बी मरते आणि राखेतून रोपांना पोटॅश मिळते. परंतु त्या टहाळासाठी डोंगर बोडके झाले, आणि जाळलेल्या पाल्यातला बहुतेक नत्र धुरासोबत वर गेला. एकाच गावात सोडण पुरणारा हात आणि टहाळ जाळणारा हात एकाच माणसाचा होता. दोहोंतून कोणता पुढे चालवायचा, हे आता आपल्या हातात आहे.

आपल्या या बेटाचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात येथे गॅम्बिअर आणि मिरी यांचे मळे होते. गॅम्बिअरची पाने मोठ्या कढयांत उकळून त्यांचा अर्क काढीत, आणि त्या चुलींना अहोरात्र सरपण लागे. मळ्यासाठी रान तोडायचे, मग चुलीसाठी आजूबाजूचे रान तोडायचे, पंधरा-वीस वर्षांत जमिनीचा कस गेला की मळा सोडून पुढे सरकायचे, अशी रीत होती. मागे उरे ते लालांग गवत. १८८३ साली नॅथॅनिएल कँटली यांनी येथील जंगलांविषयीचा अहवाल सरकारला दिला तेव्हा बेटावर मूळचे रान थोडेच उरले होते. लाकूड जमिनीला परत न देता जाळत गेले की काय होते, याचा हा धडा याच मातीत लिहिलेला आहे. आणि जळत्या रानाचा धूर काय असतो हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. २०१५ च्या सप्टेंबरात शेजारच्या देशातील आगींच्या धुराने येथल्या शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

आजही या शहरात छाटणीचे लाकूड ढिगांनी निघते. रस्त्यारस्त्यावर रेन ट्री आणि अंगसाना उभे आहेत, त्यांच्या फांद्या उतरवाव्याच लागतात. त्यातले काही बारीक करून झाडांच्या बुंध्याशी पसरतात, काही जाळून वीज करतात. गार्डन्स बाय द बे येथील काचेच्या घुमटांचा गारवा राखायला अशाच पाल्याफांद्यांचे जळण कामी येते. त्यावर आमची टीका नाही. कचरा म्हणून लाकूड फेकण्यापेक्षा ते बरेच. या देशात कचरा टाकायला एकच जागा उरली आहे, ती म्हणजे १९९९ साली सुरू झालेले पुलाव सेमाकाऊ, आणि तीही २०३५ च्या सुमारास भरेल असा अंदाज आहे. आमचे म्हणणे इतकेच की बागेत निघालेली फांदी बागेतच मुरवता येत असेल तर तिला ट्रकमधून का फिरवावे?

परंतु या पद्धतीचे पोवाडे गाण्याचीही आमची तयारी नाही. ‘एकदा वाफा करा आणि वीस वर्षे पाणी घालू नका’ अशी भाषा काही उत्साही मंडळी करतात. ती पी हळद नि हो गोरी यांतली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चाकर-स्कॉट यांनी या दाव्यांची छाननी करून, त्यांना शास्त्रीय पुरावा तोकडा आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि आपल्या उष्ण, दमट हवेत लाकूड आल्प्सपेक्षा कितीतरी लवकर कुजते. वीस वर्षांची गोष्ट येथे लागू नाही. मनगटाएवढी मऊ फांदी येथे दोन-तीन वर्षांत भुगा होते.

भाजीच्या स्वावलंबनाच्या गप्पाही जपून माराव्यात. सिंगापूर आपल्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेरून आणते. २०३० पर्यंत पोषणाच्या तीस टक्के गरजा येथेच भागवायच्या, असे लक्ष्य २०१९ साली जाहीर झाले होते, ते २०२५ च्या नोव्हेंबरात बदलावे लागले. जे मोठ्या यंत्रशेतीला साधले नाही ते आपला अडीच मीटरांचा वाफा साधणार नाही. वाफा आपले पोट भरत नाही. तो आपल्याला अळूवडीची पाने देतो, पातोळ्यांसाठी हळदीची पाने देतो, आमटीत घालायला ताजा कढीपत्ता देतो, आणि मुलांना अन्न कोठून येते ते दाखवतो. एवढे पुरेसे आहे.

आता ज्यांना असा वाफा करायचा आहे, अथवा खचलेला सावरायचा आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

लाकूड निवडताना घाई नको. अंगसानाची हिरवी फांदी जमिनीत पुरली तर ती कुजण्याऐवजी मुळे धरते. एके काळी या शहराला झटपट सावली देण्यासाठी अंगसानाचे मोठमोठे खुंट असेच रोवण्यात आले होते. शेवगा आणि गिरीपुष्पही तसेच. अशा फांद्या आधी पूर्ण वाळवून घ्याव्यात. अल्बिझियासारखे हलके, भुसभुशीत लाकूड लवकर मुरते. केळीची खांडे आणि पपईची खोडे तर उत्तमच. इमारतीच्या कामाचे लाकूड, प्लायवूड, जुन्या पॅलेटच्या फळ्या मात्र मुळीच नकोत, कारण त्यांत डिंक, रंग आणि रसायने असतात. उद्यानातून वा रस्त्याकडेने लाकूड उचलून आणू नये. त्यासाठी परवानगी लागते, आणि नसली तर तो गुन्हा ठरतो.

वाफ्याची उंची गुडघ्यापर्यंतच ठेवावी. छातीएवढी टेकाडे युरोपात शोभतात, येथे पहिल्याच वादळी पावसात त्यांची माती गटारात जाईल. कडेला विटा किंवा दगड लावावेत आणि उतारावर रताळ्याचे वेल सोडावेत. ते माती धरतात आणि त्यांचा पाला आपल्या चिनी शेजाऱ्यांना आवडतो.

लाकडाच्या थरांत ओला हिरवा पाला आणि नत्र देणारे काहीतरी घालावेच. शेण येथे कोठले मिळणार, पण कोपीटियामवाल्याकडे कॉफीचा चोथा रोज निघतो, आणि सोयाबीनचे दूध काढणाऱ्याकडे सोयाबीनचा चोथा. मागितला तर बहुधा आनंदाने देतात. हे सर्व खोल घालावे. शिजलेले अन्न कधीही पुरू नये, उंदीर येतील.

डास आणि वाळवी यांविषयी मात्र कठोर राहिले पाहिजे. पोकळ बांबू, करवंट्या, खळगा असलेला ओंडका उघडा राहिला तर त्यात पाणी साचते आणि आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात. सर्व लाकूड मातीखाली पूर्ण झाकलेले असावे. वाफा इमारतीच्या भिंतीला किंवा लाकडी कुंपणाला चिकटून कधीच करू नये, कारण वाळवी पुरलेल्या लाकडावर थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनी घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये असला खटाटोप करू नये, तेथील वाट मोकळी राहिली पाहिजे. कुंडीच्या तळाशी बोटाएवढ्या वाळक्या काटक्या आणि पाला घातला तरी त्याच तत्त्वाचा थोडा लाभ मिळतो.

मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास सुरू केलेली बाग ज्यांनी पाहिली वा तिच्याविषयी वाचले असेल, त्यांना हे पटेल. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून सिमेंटच्या गच्चीवर तेथे माती तयार झाली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आयुष्यभर हेच सांगत राहिले की प्रयोग शेतकऱ्याने स्वतः करावा, मोजावा, लिहून ठेवावा आणि शेजाऱ्याला सांगावा. बुओना व्हिस्टातल्या मंडळींनी वाफा कधी केला, काय घातले, किती खचला, हे एका वहीत लिहिले असते तर आजचा निम्मा वाद झालाच नसता.

आता राहिला खरा प्रश्न. बागेतल्या एका गृहस्थांनी आम्हांला स्पष्टच विचारले, “ही जागा आपली नाही. उद्या सोडावी लागली तर दुसऱ्यासाठी माती का करायची?”

प्रश्न उर्मट नाही, खरा आहे. नॅशनल पार्क्स बोर्डाकडून मिळणारा अडीच मीटर बाय एक मीटरचा वाफा तीन वर्षांच्याच कराराने मिळतो. वसाहतींच्या बागाही कायमच्या नाहीत. बुओना व्हिस्टाच्या शेजारीच टँगलिन हॉल्ट आहे. तेथल्या १९६० च्या दशकातील दहा मजली इमारती पाडून नव्या बांधण्याचे २०१४ साली जाहीर झाले आणि तीन हजारांवर घरांतील माणसे हलली. पन्नास वर्षांचे शेजार मोडले. त्या माणसांनी अंगणात लावलेली कढीपत्त्याची, पांदानची रोपे काहींनी कुंडीतून नेली असतील. माती कोणालाच नेता आली नाही.

आपल्या घरांतही हा प्रश्न नवा नाही. आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. कित्येक आजही परवान्याच्या तारखा मोजत आहेत. प्रत्येक वेळी ‘येथे किती दिवस राहायचे आहे?’ असे विचारून हात आखडता घेतला असता तर या बेटावर आपले मंडळ उभे राहिले नसते, गणपती बसला नसता, आणि हे मराठी पानही निघाले नसते. ती कामे ज्यांनी सुरू केली त्यांतले अनेक पुढे परत गेले. त्यांनी केलेल्या मातीवर आज आपण उभे आहोत.

शिवाय या वाफ्याचे फळ केवळ पुढच्यासाठी आहे असेही नाही. मऊ लाकूड येथे तीन वर्षांच्या आत मुरते, हे वर सांगितलेच. तीन वर्षांच्या करारातही शेवटचे दोन हंगाम चांगले मिळतील. जे उरेल ते पुढच्याला मिळेल, आणि तो मराठी असेल, तमिळ असेल, मलाय असेल की चिनी, याने मातीला फरक पडत नाही. बागेतल्या मलाय मावशी रेंडांगसाठी हळदीचीच पाने खुडतात, ज्यांत आपण पातोळ्या वळतो.

तेव्हा बुओना व्हिस्टाच्या मंडळींना आमची सूचना अशी. वाफा उपसू नका. येत्या रविवारी दोन्ही तटांनी मिळून खचलेल्या जागी कुजलेले खत आणि माती घाला, वर पाल्याचे आच्छादन द्या. माठ-मेथी काढून चवळी लावा. एक वही आणा आणि ती मुलांकडे सोपवा. दर महिन्याला वाफ्याची उंची काठीने मोजून त्यांनी लिहावी. एका वर्षानंतरही पाने पिवळीच राहिली, किंवा वाळवी दिसली, तर लाकूड काढून टाकायला आमची हरकत नाही, आणि तसे घडल्यास तेही या पानावर छापू. इतर वसाहतींतील वाचकांपैकी कोणी असा वाफा केला असेल तर आपला अनुभव, बरा असो वा वाईट, आम्हांस अवश्य कळवावा.